कॉम्प्युटरमधला व्हिडिओ हँडीकॅमच्या टेपवर का उतरत नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरची ‘मॅकओएस २६ ताहो’ ही प्रणाली आली आणि ज्यांच्या कपाटात अजून टेपवाला हँडीकॅम आहे त्यांची पंचाईत झाली. ताहोमध्ये फायरवायर चालतच नाही. गंमत अशी की फायरवायर ही मुळात ॲपलच्याच पुढाकाराने आलेली जोडणी. १९९५ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता मिळाली, त्याच वर्षी सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा फायरवायरचं, म्हणजेच डीव्हीचं सॉकेट घेऊन बाजारात आला, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं घरगुती शूटिंगपासून लग्नाच्या कॅसेटपर्यंत सगळा कारभार या एका वायरवर चालला. (हँडीकॅम हे खरं तर सोनीचं नाव, पण आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना तेच म्हणतात, इथेही तसंच म्हणू.)

टेपमधला व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेणं पुष्कळांना जमतं. उलटा प्रवास मात्र अडतो. वायर जोडलेली असते, कॅमेरा चालू असतो, कॉम्प्युटरवर व्हिडिओ पळत असतो आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र निळा पडदा. मग लोक आधी वायर बदलतात, मग ड्रायव्हर, आणि शेवटी वैतागून विंडोज नव्याने टाकतात. दोष बऱ्याचदा यातल्या कशातच नसतो.

## फाइल नव्हे, पाटाचं पाणी

पेनड्राइव्हवर फाइल टाकणं म्हणजे घरच्या टाकीत पाणी भरणं. मोटर मध्येच बंद पडली तरी बिघडत नाही, नंतर उरलेलं भरता येतं. टेपवर व्हिडिओ पाठवणं हे पाटाच्या पाण्यासारखं आहे. पाळी आली की पाणी सुटतं, तुमची सारणी मोकळी असो वा नसो. बांध फुटला तर वाहून गेलेलं पाणी परत येत नाही.

हँडीकॅमच्या छोट्या टेपला मिनीडीव्ही आणि तिच्यावरच्या व्हिडिओला ‘डीव्ही’ म्हणतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला जवळपास १३ जीबी. फायरवायर एका सेकंदाचे ८,००० हिस्से पाडते आणि त्या प्रत्येकात डीव्हीसाठी जागा राखून ठेवते. त्या राखीव पाळीत डेटा पोचला तर पोचला. पोच मागितली जात नाही आणि चुकलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. समोर कॅमेऱ्यात मिनिटाला ९,००० फेऱ्या घेणारा ड्रम तो डेटा तिथल्या तिथे टेपवर लिहीत असतो. म्हणून एका तासाचा व्हिडिओ उतरवायला एक तासच लागतो, कॉम्प्युटर कितीही वेगवान असला तरी. आणि म्हणूनच डीव्ही टेपवाला हँडीकॅम कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, आणि त्यात माउसने ओढून काही टाकता येत नाही.

एवढं लक्षात आलं की अडण्याच्या जागा तीनच उरतात. कॅमेरा बाहेरचं घ्यायला तयार आहे का, वायरीचा रस्ता मोकळा आहे का, आणि जे पाठवताय ते खरंच त्या कॅमेऱ्याच्या जातीचं डीव्ही आहे का.

## कोणती जागा अडलीय, हे दहा मिनिटांत शोधा

एक जुनी, पुसली गेली तरी चालेल अशी टेप घ्या. लग्नाची, बारशाची टेप चाचणीसाठी कधीच वापरू नये. हँडीकॅमवर ‘अन-डू’ नसतं.

पहिली पायरी: त्या टेपवर कॅमेऱ्याने अर्धा मिनिट काहीही शूट करा आणि ते नेहमीसारखं कॉम्प्युटरवर कॅप्चर करा. कॅप्चर झालं, तर वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक आहेत. त्यांना पुन्हा हात लावू नका. नाही झालं, तर दोष रस्त्यात आहे. व्हिडिओची फाइल बदलत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी महत्त्वाची. आत्ता कॅप्चर केलेली तीच अर्ध्या मिनिटाची फाइल, एडिट न करता, जशीच्या तशी परत कॅमेऱ्याकडे पाठवा. ही फाइल त्याच कॅमेऱ्याने तयार केलेली, त्यामुळे फॉरमॅटची शंकाच नाही. ती टेपवर उतरली, पण तुमचा एडिट केलेला व्हिडिओ उतरत नसेल, तर दोष त्या व्हिडिओत. तीही उतरली नाही, तर कॅमेरा बाहेरून काही घ्यायलाच तयार नाही.

ओळखीत कुणाकडे दुसरा मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर आणखी सोपं. दोन्ही एकमेकांना थेट वायरने जोडा, एकावर टेप लावा आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. कॉम्प्युटर हा घटकच हिशेबातून जातो.

## कॅमेरा घेतच नाही: यात आयातशुल्काचा हात असू शकतो

पुष्कळ हँडीकॅममध्ये डीव्हीचं सॉकेट फक्त बाहेर देण्यासाठी असतं. आत घेण्याच्या सोयीला ‘डीव्ही-इन’ म्हणतात. ती कारखान्यातूनच बंद करून पाठवलेले कॅमेरे खूप आहेत, आणि त्यातले बरेचसे युरोपात विकण्यासाठी बनलेले.

कारण तांत्रिक नाही, जकातीचं आहे. युरोपीय संघात त्या काळी फक्त स्वतःच्या भिंगातून आलेलं रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर ४.९ टक्के आयातशुल्क होतं, आणि बाहेरून आलेला सिग्नलही रेकॉर्ड करू शकणाऱ्यावर १४ टक्के. दुसरा प्रकार कस्टमच्या दृष्टीने व्हिडिओ रेकॉर्डरच. मग कंपन्यांनी साधा हिशेब केला. आतला सर्किट बोर्ड तोच ठेवला आणि सॉफ्टवेअरमध्ये डीव्ही-इन बंद करून टाकलं. हुशार लोकांनी ते परत चालू करण्याच्या युक्त्या शोधल्या आणि मग जर्मनीच्या कस्टम खात्याने विचारलं, नंतर चालू करता येत असेल तर शुल्क कोणतं लावायचं? मेडिऑन आणि कॅनन जर्मनी या कंपन्यांचे खटले युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २७ सप्टेंबर २००७ च्या निकालाचा सारांश असा: कस्टममधून सुटताना डीव्ही-इन चालू असेल, किंवा कंपनी त्याची वाच्यता करत नसली तरी खास कौशल्य नसलेल्या ग्राहकाला कॅमेऱ्यात बदल न करता ते सहज चालू करता येत असेल, तर तो कॅमेरा वरच्या दराच्या गटात धरायचा.

याचा आपल्याशी संबंध एवढाच की लंडनच्या काकांनी किंवा जर्मनीतल्या मावशीने आणलेला हँडीकॅम आपल्या घरात असू शकतो. सॉकेटशेजारी बारीक अक्षरांत काय छापलंय ते भिंगातून बघा. ‘डीव्ही इन/आउट’ असेल तर सोय आहे. फक्त ‘डीव्ही आउट’ असेल तर ती बंद आहे. नुसतंच ‘आय-लिंक’ किंवा ‘डीव्ही’ लिहिलेलं असेल तर माहितीपुस्तिकेत दुसऱ्या व्हीसीआरवरून किंवा कॉम्प्युटरवरून रेकॉर्ड करण्याचं पान आहे का ते शोधावं. आय-लिंक म्हणजे फायरवायरच. सोनीने दिलेलं नाव.

बंद असलेलं डीव्ही-इन चालू करून द्यायला त्या काळी खास उपकरणं आणि प्रोग्रॅम मिळायचे. ते कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीतले आकडे बदलतात. एखादा आकडा चुकला तर कॅमेरा सुरूही होत नाही, आणि आज तो दुरुस्त करून देणारा कारागीर सापडणं कठीण. हजार-दोन हजारांच्या जुन्या कॅमेऱ्यावर प्रयोग म्हणून ठीक आहे. आजोबांच्या टेप वाजवणारा घरातला तो एकुलता कॅमेरा असेल तर हात लावू नये.

डीव्ही-इन असूनही कॅमेरा ढिम्म असेल, तर या किरकोळ गोष्टी बघा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. कॅमेरा शूटिंगच्या नव्हे तर टेप वाजवण्याच्या मोडमध्ये हवा. त्याला कुठे ‘व्हीसीआर’ लिहिलेलं असतं, कुठे ‘प्ले’, कुठे ‘प्ले/एडिट’. शूटिंग मोडमध्ये तो भिंगातलंच रेकॉर्ड करणार. मिनीडीव्ही कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटा सरकता खटका असतो. तो ‘सेव्ह’कडे असेल तर टेपवर काहीही लिहिलं जात नाही, ‘आरईसी’कडे सरकवा. बॅटरीवर विसंबू नका, ॲडॉप्टर लावा. रेकॉर्ड करून पॉझवर ठेवलेला कॅमेरा टेप आणि हेड घासू नयेत म्हणून काही मिनिटांनी आपोआप थांबतो. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरवर मेनू शोधत बसलात, तेवढ्यात तो झोपी गेलेला असतो.

## यूएसबीने का नाही जमत?

हा प्रश्न येणारच, कारण त्याच कॅमेऱ्यावर यूएसबीचं सॉकेटही असतं. मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते बहुधा मेमरी कार्डावरचे फोटो उतरवण्यासाठी किंवा वेबकॅमसारखा वापर करण्यासाठी दिलेलं असतं. टेपचा पूर्ण दर्जाचा व्हिडिओ त्यातून जात नाही. यूएसबीवरूनही डीव्ही देणारे थोडे कॅमेरे आहेत, पण तो अपवाद.

ऑनलाइन दुकानांत दोनशे-तीनशे रुपयांना एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला चार पिनची फायरवायर अशी वायर मिळते. ती घेऊ नका. दोन्ही जोडण्यांची भाषा वेगळी आहे आणि त्या वायरीत दुभाष्या नाही, नुसत्या तारा आहेत. त्या चालणार तर नाहीतच, वर यूएसबीचे पाच व्होल्ट कॅमेऱ्याच्या नको त्या पिनवर जाऊ शकतात.

फायरवायरची टोकं तीन प्रकारची. कॅमेऱ्यावर चार पिनचं चिमुकलं, डेस्कटॉपच्या कार्डावर सहा पिनचं एका बाजूने निमुळतं, आणि फायरवायर ८०० असलेल्या मॅकवर नऊ पिनचं चौकोनी. सहा आणि नऊ पिनच्या सॉकेटमध्ये वीजही असते. चार पिनमध्ये नसते, म्हणून कॅमेऱ्याला या वायरीतून वीज मिळत नाही. इथला खरा धोका सहा पिनच्या टोकाचा. सॉकेटचा पत्रा सैल झालेला असेल तर ते जोर लावून उलटं घुसतं आणि वीज डेटाच्या तारांत शिरते. मग कॅमेऱ्याचं डीव्ही सॉकेट कायमचं मरतं, पण बाकी सगळा कॅमेरा व्यवस्थित चालतो. त्यामुळे दोष लक्षातच येत नाही. सवय अशी ठेवा: कॅमेरा बंद, आधी कॉम्प्युटरकडचं टोक नीट बघून लावायचं, मग कॅमेऱ्याकडचं, आणि शेवटी कॅमेरा चालू. वायर साडेचार मीटरपेक्षा लांब नको, आणि मध्ये हब नको.

## कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

मॅकवाल्यांचा सगळा राग ताहोवर आहे, पण तो थोडा अस्थानी आहे. टेपवरून घेण्याची सोय ‘मॅकओएस १५ सेक्वोया’पर्यंत होती, हे खरं. थंडरबोल्ट ३ वरून २, मग २ वरून फायरवायर ८००, मग नऊ पिनवरून चार पिन, अशी ॲडॉप्टरची आगगाडी लावून ती चालायची. टेपवर पाठवणं मात्र ॲपलच्या प्रोग्रॅममधून फार आधी गेलं. जुन्या ‘आयमूव्ही एचडी’मध्ये व्हिडिओ कॅमेऱ्याला पाठवायचा पर्याय होता. २००७ मध्ये आलेल्या ‘आयमूव्ही ०८’ने तो काढला, आणि २०११ च्या ‘फायनल कट प्रो टेन’नेही टेपकडे पाठ फिरवली. ताहोने फक्त कडी घातली; दार आधीच लोटलेलं होतं.

विंडोज १० आणि ११ मध्ये फायरवायर कार्ड ओळखलं जातं, पण सोबतचा ड्रायव्हर डीव्ही कॅमेऱ्यांशी नीट बोलत नाही. कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब होतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा जुना ‘१३९४ ओएचसीआय लेगसी’ ड्रायव्हर (१३९४ हा फायरवायरचाच मानक क्रमांक) वेगळा डाउनलोड करून बसवावा लागतो. बसवला म्हणजे तो आपोआप लागू होत नाही, इथे बरेच जण फसतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, १३९४ होस्ट कंट्रोलरवर जा, ‘अपडेट ड्रायव्हर’मधून ‘यादीतून मी निवडतो’ हा पर्याय घ्या आणि ज्याच्या नावापुढे ‘लेगसी’ आहे तोच निवडा. नवं कार्ड घेत असाल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं बघा, त्यांच्याबद्दल तक्रारी कमी असतात.

आमचा सल्ला विचाराल तर एवढी खटपट करण्यापेक्षा विंडोज एक्सपी किंवा ७ असलेला, फायरवायर पोर्टवाला जुना लॅपटॉप मिळवावा. २००५ ते २०१० च्या काळातल्या पुष्कळ लॅपटॉपवर चार पिनचं सॉकेट असायचं. एक्सपीच्या मूव्ही मेकरमध्ये ‘डीव्ही कॅमेरा’ हा सेव्ह करण्याचा पर्यायच होता, आणि ‘विनडीव्ही’ हा फुकट, चिमुकला प्रोग्रॅम घेणं आणि पाठवणं दोन्ही करतो. असा कॉम्प्युटर इंटरनेटला मात्र जोडू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात फायरवायर अजून शाबूत आहे, हेही सांगून ठेवतो.

एचडीव्ही, म्हणजे टेपवरच एचडी व्हिडिओ लिहिणारा कॅमेरा असेल तर आणखी एक गाठ असते. तो एकाच टेपवर डीव्ही किंवा एचडीव्ही, दोन्ही लिहितो. मेनूत ‘व्हीसीआर एचडीव्ही/डीव्ही’ अशी निवड असते, ती तुम्ही जे पाठवताय त्याच्याशी जुळली पाहिजे, आणि आय-लिंकचं रूपांतर करणारा पर्याय बंद हवा. हे बदल वायर जोडायच्या आधी करायचे.

## फाइल दिसायला ठीक, पण टेपला नामंजूर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा थांबून बघू. समजा, मोबाइलवर घेतलेला गणपती विसर्जनाचा व्हिडिओ टेपवर घालायचाय. मोबाइलची फाइल बहुधा १९२० बाय १०८० ची, सेकंदाला साधारण ३० फ्रेमची. साधारण म्हणण्याचं कारण असं की प्रकाश कमी-जास्त झाला की मोबाइल तो वेगही खालीवर करतो. टेपला हे काहीच चालत नाही. पाल कॅमेऱ्याला ७२० बाय ५७६, सेकंदाला बरोबर २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज हवा.

अमेरिकेतून आलेला कॅमेरा असेल तर तो एनटीएससी पद्धतीचा. त्याला ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम लागतात. पालची फाइल पाठवली तर तो ती घेणार नाही. सोनीच्या बाबतीत ओळखायला सोपं आहे: मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘ई’ असेल तर पाल, नसेल तर एनटीएससी. घरातल्या घरात भाचीच्या न्यू जर्सीच्या कॅमेऱ्यावर पुण्यातली फाइल चालत नाही याचं कारण एवढंच.

रूपांतरासाठी ‘एफएफएमपेग’ या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘पाल-डीव्ही’ नावाचं तयार लक्ष्य आहे. ते आकार, वेग आणि आवाज तिन्ही बरोबर बसवतं. पण चित्र मुळात कसं होतं याचा विचार ते करत नाही. उभा व्हिडिओ दिला तर माणसं आडवी फुगून ढेरपोटी होतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या आधी घालून घ्याव्या लागतात. रुंद पडद्याचा व्हिडिओ असेल तर १६:९ ही खूण वेगळी सांगावी लागते, कारण डीव्हीत रुंद आणि चौकोनी दोन्ही चित्रं त्याच ७२० बाय ५७६ मध्ये कोंबलेली असतात. ताणून दाखवायचं की नाही, हे ती खूणच ठरवते.

आता फाइलचं नाव. ‘एव्हीआय’ हा नुसता डबा आहे. आत डीव्ही आहे, डिव्एक्स आहे की आणखी काही, हे डब्यावरून कळत नाही. एव्हीआय पाठवूनही टेपवर काही उतरत नसेल तर ‘मीडियाइन्फो’सारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून बघा. व्हिडिओसमोर ‘डीव्ही’ लिहिलेलं हवं. आकारावरूनही अंदाज येतो. दहा मिनिटांची फाइल दोन जीबीच्या थोडी वर हवी. दोनशे एमबी असेल तर ती डीव्ही नाही, पैज लावा.

फाइल ठरावीक जागी तुटत असेल तर डिस्कचा फॉरमॅट बघा. एफएटी-३२ मध्ये एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही, म्हणजे डीव्हीची वीस मिनिटंही पुरती बसत नाहीत. एनटीएफएसची डिस्क वापरा.

चित्र उतरलं, पण हलणाऱ्या वस्तूंच्या कडा थरथरतात? टेपवर प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत जाते, सम ओळी आणि विषम ओळी. डीव्हीत खालच्या, म्हणजे सम ओळींचा हप्ता आधी असतो, तर १०८० ओळींच्या एचडी कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये वरच्यांचा. क्रम उलटा गेला की माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा चालतो. एडिटिंग प्रोग्रॅममध्ये ‘लोअर फील्ड फर्स्ट’ निवडून पुन्हा एक्सपोर्ट करा.

आवाज हळूहळू मागे पडत असेल तर बहुधा मोबाइलच्या त्या खालीवर होणाऱ्या फ्रेमच जबाबदार, किंवा पार्श्वसंगीत सीडीवरून ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेलं आहे. दोन्हींचं औषध एकच: एडिटिंगच्या आधी सगळं २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झवर आणून घ्यायचं.

## प्रत्यक्ष उतरवताना

व्हिडिओच्या सुरुवातीला दहा आणि शेवटी पाच सेकंद काळं चित्र जोडा. टेप वेग पकडेपर्यंतच्या पहिल्या काही फ्रेम जातातच. जायच्याच असतील तर काळ्या जाऊ देत, शेंदूर लावलेली मूर्ती नको.

प्रोग्रॅम कॅमेऱ्याला स्वतः ‘रेकॉर्ड’ सांगू शकतो, पण प्रत्येक कॅमेरा ऐकतोच असं नाही. ऐकत नसेल तर हाताने करा. कॉम्प्युटरवरून व्हिडिओ सोडा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र आलं की रेकॉर्ड दाबा. सोनीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत लाल गोळ्याचं बटण एकटं दाबून काही होत नाही. त्याच्या उजवीकडचं बटणही त्याच वेळी दाबावं लागतं. चुकून टेप पुसली जाऊ नये म्हणून केलेली ही सोय ठाऊक नसल्यामुळे डीव्ही-इन बंद आहे असा समज करून घेणारे कमी नाहीत.

चालू असताना अँटिव्हायरसची तपासणी, स्क्रीनसेव्हर, लॅपटॉपचं वीजबचतीचं सेटिंग हे सगळं बंद. फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर असावी, पेनड्राइव्हवर नको. सेकंदाला ३६ लाख बाइट हा काही मोठा वेग नाही. पण मध्येच अर्धा सेकंद खंड पडला तर टेप थांबून वाट बघत नाही.

टेपवर चौकोनी ठोकळे उमटत असतील तर ती टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघा. दोन्हीकडे त्याच जागी ठोकळे असतील तर लिहिताना गडबड झालेली आहे, आणि पहिला संशय मळलेल्या हेडवर. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवा, त्यापेक्षा जास्त नाही. ती सँडपेपरसारखी घासते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसणारी टेप कॅमेऱ्यात घालूच नका, ती हेडला बुरशी लावून जाईल. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेला कॅमेरा दवबिंदूची खूण दाखवून बंद पडला तर तासभर कॅसेटचं झाकण उघडं ठेवून थांबा. हेअर ड्रायर नको.

## मुळात हे कशाला करायचं?

जपणूक म्हणून करत असाल तर करू नका. मिनीडीव्ही टेप आता सहजी मिळत नाहीत, चालू कॅमेरे कमी होत चाललेत. तीच डीव्हीची फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवणं जास्त भरवशाचं. डीव्हीतून डीव्हीत नक्कल करताना दर्जा घसरत नाही, हे खरं आहे. पण मोबाइलचा एचडी व्हिडिओ टेपवर घातला की बारकावे एकदाच आणि कायमचे जातात.

टेपचा तो खास पोत हवा असेल, जुन्या कॅमेऱ्यातून टीव्हीवर किंवा व्हीसीआरवर काही दाखवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. आणि अशा कामाला कित्येकदा टेपही लागत नाही. डीव्ही-इन असलेला कॅमेरा फायरवायरने आलेला व्हिडिओ त्याच क्षणी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून बाहेर देतो. कॉम्प्युटर, कॅमेरा, टीव्ही अशी रांग लावली की झालं. कॅसेट घालायची गरज नाही, हेडही झिजत नाही.

## माझ्या कॅमेऱ्यात टेप नाही, कार्ड आहे. त्यात फाइल टाकली तरी दिसत नाही

इथे अडचण पूर्ण वेगळी आहे. कार्ड किंवा हार्डडिस्कवाले बरेच हँडीकॅम ‘एव्हीसीएचडी’ पद्धतीचे असतात. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी ती २००६ मध्ये आणली. कॉम्प्युटरला जोडल्यावर कार्ड ड्राइव्ह म्हणून दिसतं, फाइल कॉपीही होते, आणि कॅमेरा मात्र ‘चित्र नाही’ म्हणतो.

जमिनीवर घर बांधलं, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, असा हा प्रकार. कार्डावर ‘प्रायव्हेट’, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’ आणि त्यात ‘स्ट्रीम’ असे एकात एक फोल्डर असतात. व्हिडिओ ‘स्ट्रीम’मध्ये एमटीएस फाइल म्हणून बसतो, पण प्रत्येक क्लिपची नोंद ‘क्लिपइन्फ’मध्ये आणि क्रम ‘प्लेलिस्ट’मध्ये असतो. कॅमेरा बघतो तो नोंदी, घर नव्हे. तुम्ही ‘स्ट्रीम’मध्ये नवी फाइल टाकली तर ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. उलट एखादी जुनी पुसली किंवा तिचं नाव बदललं तर नोंद आणि जागा जुळत नाहीत, आणि तो ‘डेटाबेस दुरुस्त करू का?’ असं विचारतो. हो म्हणण्याआधी अख्ख्या कार्डाची प्रत काढून ठेवा, कारण दुरुस्तीत जे त्याला ओळखता येत नाही ते यादीतून जातं.

एडिट केलेला व्हिडिओ परत कार्डावर घालायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेला त्या कंपनीचाच प्रोग्रॅम. त्यातल्या काहींत कॅमेऱ्याकडे परत लिहिण्याची सोय होती. नुसता टीव्हीवर बघायचा असेल तर पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावा, कॅमेऱ्याचं मध्यस्थपण हवंय कशाला? आणि मूळ, एडिट न केलेलं शूटिंग परत घालायचं असेल, तर कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नाही, आणि पूर्वी जपून ठेवलेला अख्खा ‘प्रायव्हेट’ फोल्डर नोंदींसकट उचलून ठेवा. नुसत्या एमटीएस फाइली जपल्या असतील तर त्या कॉम्प्युटरवर चालतील, कॅमेऱ्यात नाही.